केसपेपरवरची एक ओळ

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती कटिंग मास्तर होती. एका वेळी कापडाचे चाळीस थर कापायची, पण रेष सूतभर हलायची नाही. बाळ चार महिन्यांचं झालं तशी ती कामावर परतली. पहिल्याच दिवशी कुणीतरी मागून येऊन खांद्यावर हात ठेवला. मशीन बंद करून ती जिन्यात जाऊन बसली.

प्रसूतीच्या खोलीत भूल चढायच्या आधीच तिला टाके घालायला सुरुवात झाली होती. "दुखतंय, थांबा," असं ती सांगत राहिली. कुणी थांबलं नाही. उलट एका नर्सनं तिचे खांदे दाबून धरले. तेव्हापासून ती सारखी दचकायची. बाळाला पाजताना डोळ्यांना धार लागायची आणि मांडीवरचं बाळ दुसऱ्या कुणाचं तरी वाटायचं.

"बाळ धडधाकट आहे. मग रडायचं कशाला?" सासूबाई म्हणायच्या.

"बाळ धडधाकट आहे, आई. मी नाही."

"आम्ही काय बाळंतपणं केली नाहीत?"

नवरा दोघींच्या मधे पाण्याचा ग्लास घेऊन उभा राहायचा. तो कुणाला द्यावा हे त्याला कळायचं नाही आणि शेवटी स्वतःच पिऊन टाकायचा.

लसीच्या दिवशी आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनं बाळाला टोचलं, कार्ड भरलं आणि पेन खाली ठेवलं.

"बाळाचं झालं. आता तुमचं सांगा. झोप लागते?"

"बाळ झोपलं तरी लागत नाही."

"मरून जावं असं वाटतं कधी?"

इतकं सरळ तिला कुणी विचारलं नव्हतं. "दोनदा वाटलं," ती म्हणाली.

सिस्टरनं खुर्ची जवळ ओढली आणि सगळं ऐकून घेतलं. मग बाहेर बसलेल्या नवऱ्याला आत बोलावून सांगितलं, "हा आजार आहे. बरा होतो. पण यांना एकटं ठेवायचं नाही आणि उपचार आजपासून." त्याच दुपारी तिनं दोघांना वरच्या मजल्यावर डॉक्टरांकडे आणि समुपदेशक बाईंकडे नेलं.

पाजत असतानाही चालतील अशा गोळ्या सुरू झाल्या. दर गुरुवारी समुपदेशक बाईंकडे जायचं ठरलं.

"शेजारीपाजारी कळलं तर?" सासूबाईंनी विचारलं.

"कळू दे. मी कुठे दरोडा घातलाय?"

सासूबाई पुटपुटत राहिल्या, पण गुरुवारी बाळाला घेऊन बसल्या.

तिसऱ्या महिन्यात तिला झोप लागू लागली. डोकं जरा ताळ्यावर आल्यावर तिनं हॉस्पिटलात जाऊन स्वतःचा केसपेपर मागितला.

"कशाला हवाय?" कारकुनानं विचारलं.

"माझा आहे म्हणून."

त्यात टाक्यांच्या नोंदीपुढे लिहिलं होतं, 'रुग्णाने सहकार्य केले नाही.' बस, एवढंच.

त्या आठवड्यात समुपदेशक बाईंसमोर बसून, त्या खोलीत काय झालं याचं तिनं स्वतःचं एक पान लिहिलं. लिहिताना दोनदा थांबावं लागलं. मग ते पान घेऊन ती हॉस्पिटलातल्या मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेली. नवरा सोबत होता. या वेळी त्याच्या हातात बाळ होतं.

"असं लिहायची पद्धत असते, बाई," डॉक्टर म्हणाले.

"मग पद्धत चुकीची आहे. मी थांबा म्हणत होते. त्याला असहकार म्हणत नाहीत."

"जुनी नोंद खोडता येत नाही."

"खोडू नकाच. तिच्यामागे माझं पान लावा, शिक्का मारून."

"ठेवून जा. बघायला वेळ लागेल."

"मी जेवून आलेय," असं म्हणून ती खुर्चीत बसली.

तासाभरानं शिक्का बसला.

महिन्याभरात हॉस्पिटलचं पत्र आलं. यापुढे भूल चढल्याची खात्री करूनच टाके घालावेत अशी लेखी सूचना कर्मचाऱ्यांना दिली होती. शेवटी, 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल खेद आहे.'

नवरा खूश झाला. "मिळालं की उत्तर!"

तिनं पत्र दोनदा वाचलं. "गैरसोय लिफ्ट बंद पडली की होते," ती म्हणाली. 'गैरसोय' या शब्दाखाली तिनं फूटपट्टीनं सरळ रेष मारली, समासात लिहिलं, 'हा शब्द मला मान्य नाही, बदलून पाठवावा', आणि कामावर जाताना पत्र परत टपालात टाकलं.