गाण्याआधीचे तुणतुणे

मी एक जुनी गिटार आहे, मित्रांनो. माझा जन्म इटलीतला. तिथल्या सुताराने मला मायेने घडवले, पण नाव मिळाले ते इस्लामपुरात: 'सयाजीचं खोकं'!

लढाईच्या धामधुमीत फौजेतल्या सयाजीने आपले लोकरी पांघरूण देऊन मला घेतले. १९४५ साली तो मला घरी घेऊन आला, तेव्हा त्याचे वडील हंबीरराव म्हणाले, "गडी लढाईवरनं आला आन् आणलं काय, तर खोकं!" त्यांना पोरगा गुऱ्हाळावर हवा होता. पोरगा मला घेऊन मुंबईला गेला. म्हाताऱ्याने बोलणेच टाकले.

मुंबईत रेकॉर्डिंगच्या वेळी आम्ही गाणाऱ्यांच्या मागे बसायचो. भजन असो, लावणी असो की सिनेमातले प्रेमगीत, सयाजी कशालाच नाही म्हणत नसे. तारांखाली सुताचा धागा सरकवला की मी सतारीसारखी झणझणे. एकदा गोंधळाच्या गाण्याला तुणतुणेवाला फिरकलाच नाही. सयाजीने माझ्या तारांखाली फडके कोंबले आणि सुरुवातीचे तुणतुणे माझ्यावरच वाजवले. मला जरा अपमान वाटला, पण जमले झकास. तबकडीवर नाव मात्र एकट्या गायिकेचे.

ती तबकडी इस्लामपुरात बाळासोंच्या हॉटेलात आली. सयाजी सुटीवर आला आणि वडिलांना हट्टाने तिथे घेऊन गेला. त्यांनी सगळे ऐकले.

"ही तर बाई गातीया. ह्यात तू कुठं हायस रं?"

"आबा, पयलं तुणतुणं वाजलं न्हवं? त्यो मी."

"खोक्यातनं तुणतुणं? मला येडा समजतूस व्हय?"

लोक हसले. सयाजीने मला मांडीवर घेतले, फडके कोंबले आणि वाजवले. हुबेहूब तेच! हंबीरराव उठले आणि तडक निघून गेले. सयाजी फार खट्टू झाला. माझी मान वाकू लागली होती, म्हणून मला बाळासोंच्या खुंटीवर टांगून तो एकटाच परतला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हंबीरराव हॉटेलात हजर. "बाळासो, ती लाव." तुणतुणे वाजेपर्यंत चहा बशीत तसाच. गायिकेने सूर लावला की म्हातारा उठे.

"आवं, गाणं तर ऐका!"

"माझं झालं ऐकून. आन् पोराला सांगू नगंस."

हे रोजचेच झाले. बाळासोंनी शब्द पाळला.

आता भट्टीच्या धुराने माझ्या तारा गंजल्या आहेत, नाहीतर मीच सांगितले असते. मित्रांनो, घरातले वाद्य पुसत जा, त्याच्या तारा वेळेवर बदला. आणि सयाजी कधी भेटलाच, तर त्याला एवढे सांगा, म्हातारा रोज येत होता.