काचेतलं हिरवं

कानाला लावायची गरज नाही. माझ्यातून दुसरं कुणी बोलत नाहीये, मीच बोलतोय. फोन आहे मी. पण तुमच्या खिशात असतो तसला पातळ नि गुळगुळीत नाही. विटेएवढा जाड, अंगाला रबराचं कवच, पाठीवर उन्हावर भरणारी काळी पट्टी आणि कपाळाला टॉर्च.

जन्माचं विचाराल तर मला नीटसं आठवत नाही. लांबच्या कुठल्याशा कारखान्यात हातमोजे घातलेल्या बोटांनी मला जोडलं, एवढंच. आम्ही भावंडं फार नव्हतो. साध्या फोनचे ढीग निघत, आमची मूठभरच. आम्ही म्हणे खास गुराख्यांसाठी. पडायचं पण फुटायचं नाही, धूळ खायची, उन्हावर जगायचं आणि आकाशातून दिसणारं गवत दाखवायचं. माझ्या खोक्यावर एका हसऱ्या गुराख्याचं चित्र होतं. त्याच्या मागच्या उंटाचं पोट टम्म होतं. तसा गुराखी आणि तसा उंट मला पुढे कुठेच भेटला नाही.

असाईता गावच्या बाजारात मला कडाफो नावाच्या गुराख्याने घेतलं. पाठीला पाठ लावून आलेल्या दोन उन्हाळ्यांत त्याची अर्धी गुरं गेली होती. गवताची खबर त्याला दोन्ही वेळा उशिरा कळली, पोचला तेव्हा दुसऱ्यांच्या कळपांनी जमीन चाटून ठेवलेली. तिसऱ्या वेळी असं होऊ द्यायचं नाही म्हणून त्याने तरणा उंट विकला आणि मला घेतलं.

दुकानदार म्हणाला, "हिरवं दिसलं की गवत. तांबडं दिसलं की मरण. शेंबड्या पोरालाही कळेल."

"आणि चुकीचं दाखवलं तर?"

"अरे, वरून काढलेलं चित्र आहे. आकाश कुणाशी खोटं बोलतं का?"

कडाफो हसला. मलाही बरं वाटलं. आपल्याबद्दल कुणी इतकं चांगलं बोललं की खरंच वाटू लागतं.

घरी त्याची आई मोमिना ताडाच्या पातीची चटई विणत बसली होती. तिने मला हातात घेऊन तोलून पाहिलं.

"हे काय रे? वरवंटा?"

"फोन आहे, आई."

"उंट नेलास आणि वरवंटा आणलास. तुझा बाप असता तर तुलाही त्याच बाजारात विकून आला असता."

कडेवर पोर घेतलेली सून असिया तोंडावर ओढणी धरून हसायला लागली.

"आई, यात गवत दिसतं."

"मग शेळ्यांना दे की चाटायला!"

पण पुढचे दिवस माझे होते. उंटावरून दगडावर आपटलो, ओरखडासुद्धा आला नाही. तरस गोठ्यापाशी आलं तेव्हा माझ्या उजेडाने दिपून पळालं. टेकडीवर चढलं की मला रेंज मिळे. तिथून मोमिना जिबुतीला दिलेल्या लेकीशी बोलायची. बोलायची कसली, ओरडायची. असिया म्हणायची, "आई, एवढ्या मोठ्याने बोललात तर फोन कशाला हवाय? असंच ऐकू जाईल तिला." म्हातारी मग मला पदराने पुसायची. वरवंटा म्हणणं तिने सोडलं नाही, पण आता ते लाडाचं झालं होतं.

त्या सुखात एक गोष्ट बिघडत चालली होती. ती सांगायची तर आधी इथली रीत सांगितली पाहिजे.

इथे वाटेत दोन माणसं भेटली की खाली बसतात. कितीही घाई असो. हात हातात घ्यायचा, घरच्यांची, गुरांची विचारपूस करायची, मग एकाने विचारायचं, "काय पाहिलंस? काय ऐकलंस?" दुसऱ्याने सगळं सांगायचं. पाऊस कुठे पडला, विहीर कुठे आटली, भांडण कुठे पेटलं. डोळ्यांनी पाहिलेलं वेगळं सांगायचं, कानांनी ऐकलेलं वेगळं. ऐकलेलं असेल तर कुणाकडून, तेही. याला दागू म्हणतात. इथली घरं चटयांची. या शब्दावर बाया त्या चटया सोडून उंटावर लादतात आणि अख्खी कुटुंबं चालू पडतात. म्हणून ऐकलेलं 'पाहिलं' म्हणून सांगणाऱ्याला इथे क्षमा नाही.

मी आल्यापासून कडाफो वाटेत बसेनासा झाला. उभ्यानेच हात मिळवायचा नि निघायचा. लोक खाली बसलेले तसेच वर बघत राहायचे.

त्या उन्हाळ्यात जवळचं गवत संपलं. कडाफो टेकडीवर चढला, मी नवा नकाशा ओढून घेतला आणि उघडला. सगळीकडे तांबडं, आणि नदीच्या वळणाला भलंमोठं हिरवं. गर्द, ओलसर वाटावं असं. कडाफोने बोटाने ते मोठं करून पाहिलं, लहान करून पाहिलं.

उतरताना वाटेत म्हातारा हुमेद भेटला. एकटाच, काठी टेकत, नदीच्या बाजूने येत होता. हात मिळवून तो खाली बसला, काठी आडवी ठेवली.

"बस पोरा. तिकडूनच येतोय मी."

"काका, घाईत आहे. तिकडचं सगळं आहे माझ्याकडे." आणि त्याने माझ्यावर टिचकी मारली.

"बरं. मग त्याला विचारून सांग, माझे गुडघे कशाने फुटले?"

"म्हातारपणाने, काका!" कडाफो हसत पुढे गेला. मागे हुमेद बराच वेळ तसाच बसून होता. मला तो दिसत होता. पण मला बोलता येतं ते दुसऱ्याचं. माझं स्वतःचं कधी कुणी ऐकलंय?

पाणवठ्यावर शेजारचा वोग्रिस भेटला. तिथे मात्र कडाफो बसला. आज त्याच्याकडे सांगायला मोठी गोष्ट होती.

"काय पाहिलंस? काय ऐकलंस?"

"नदीच्या वळणाला हिरवं पाहिलं," कडाफो म्हणाला. "डोळे निवतील असं."

"पाहिलंस?"

"या डोळ्यांनी."

वोग्रिसने पुढे काही विचारलं नाही. विचारायचं नसतंच. तो उठला आणि बायकोला हाक मारून म्हणाला, "चटया सोड."

दोन्ही कुटुंबं निघाली. वाट कोरडी होती, गुरं अर्धपोटी होती, पण माणसांच्या पायांत जोर होता. कडाफो पुढे, मी त्याच्या छातीवर. दर थोड्या वेळाने तो मला उघडून बघे आणि मागे ओरडे, "आलंच!"

आलं. हिरवंच होतं. लांबून बघून वोग्रिसच्या पोरींनी टाळ्या पिटल्या. जवळ गेलो तशा टाळ्या थांबल्या.

वेडी बाभूळ होती ती. नुसती वेडी बाभूळ. माणसाच्या दुप्पट उंच, फांदीत फांदी अडकलेली, काटे बोटाएवढे. नदी पलीकडे होती आणि तिच्यापर्यंत शिरायला वाट नव्हती. खाली गवताची काडी नाही. ती बाभूळ जिथे रुजते तिथे दुसरं काही उगवू देत नाही.

मी खोटं दाखवलं नव्हतं हो. हिरवं होतं, मी हिरवं दाखवलं. हिरव्या-हिरव्यात फरक असतो हे मला बनवणाऱ्यांनी कधी शिकवलंच नाही. त्यांनाही ते माहीत नसावं.

भुकेल्या शेळ्या शेंगांवर तुटून पडल्या. रोज त्याच शेंगा खाऊन त्यांचे जबडे वाकडे झाले, तोंडातून लाळ गळायला लागली आणि चघळणं बंद झालं. गाई पाण्याच्या वासाने काट्यांत घुसल्या आणि पाय फाडून घेऊन परतल्या. कडाफो मला उंच धरून इकडून तिकडे धावत होता. रेंज नव्हती. कुणाला बोलावणार होता कोण जाणे.

परतीच्या वाटेवर गाई एकेक करून बसत गेल्या. बसलेली उठली नाही. मोमिनाची तांबडी गाय बसली तेव्हा म्हातारी तिच्याजवळ बसली, तिचं डोकं मांडीवर घेऊन तिने तिच्या नाकपुड्यांतली माती बोटाने काढली. कडाफो समोर उभा होता.

मग पंच बसले. मोठ्या झाडाच्या सावलीत, गोल करून. बाया मागे.

वोग्रिस उभा राहिला. "माझ्या गाई गेल्या. उन्हाळ्यात जातात, मला माहीत आहे. पण मी याला विचारलं होतं. हा म्हणाला, पाहिलं."

"पाहिलंच होतं!" कडाफोने मला पुढे केलं. "हे बघा. अजूनही दिसतंय."

मी या हातातून त्या हातात फिरलो. सगळ्यांनी माझं हिरवं पाहिलं. सर्वांत म्हातारे पंच मला डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "छान आहे. याला वास कसला येत होता?"

कडाफोने काचेतल्या हिरव्याकडे बोट दाखवलं.

"पायाखाली कसं लागलं? मऊ?"

मागून कुणीतरी म्हणालं, "आबा, फोनला पाय कुठून असणार?" थोडे हसले. आबा हसले नाहीत, तसे तेही थांबले.

"मग हे पाहिलेलं नाही. ऐकलेलं आहे," आबा म्हणाले. "कुणाकडून ऐकलंस?"

"फोनकडून."

"हा कुणाचा मुलगा? कुठल्या कुळातला? खोटा ठरला तर आम्ही कुणाच्या दारात जाऊन विचारायचं?"

कडाफोने माझ्याकडे पाहिलं. मीही स्वतःकडे पाहिलं. माझ्या पाठीवर एक नाव छापलेलं आहे, पण त्या नावाला दार नाही.

हुमेद शेवटी होता. तो बसूनच बोलला, "मी त्याला भेटलो होतो. मी तिथूनच येत होतो. काट्यांनीच माझे गुडघे फुटले होते. मी बसलो. तो बसला नाही." एवढंच म्हणून त्याने काठी जवळ ओढली.

तेव्हा मागे बायांत बसलेल्या मोमिनाने डोकं खाली घातलं. गाय गेली तेव्हाही तिने घातलं नव्हतं.

वोग्रिसला गुरं भरून द्यायचं ठरलं. कडाफोच्या कुळाने मिळून ती दिली. ती शिक्षा फिटली. दुसरी कुणी सुनावलीच नाही, म्हणून ती फिटायची सोय नाही.

काही काळाने उत्तरेच्या डोंगरात पाऊस झाल्याची चिन्हं दिसली. या वेळी कडाफोने मला उघडलंही नाही. स्वतः पायांनी गेला. मी गळ्यात होतो, सवयीने. गवत खरंच होतं, घोट्याच्या वर. तो त्यात आडवा झाला, दातांनी तोडून चावलं, रडला. मग मूठभर उपटून फडक्यात बांधलं आणि जवळजवळ धावत परतला.

वाटेत एक कुटुंब भेटलं. गुरं बरगड्या मोजता याव्यात अशी. कडाफो बसला. घरधनीही बसला. हात हातात घेतला. आई बरी? पोर बरं? बरं. आणि घरधनी उठला.

पुढचा प्रश्न त्याने विचारलाच नाही.

"दादा, थांबा!" कडाफोने फडकं सोडलं. "हे बघा. मी चालून आलोय तिथे. हाताने उपटलंय."

त्या माणसाने गवत पाहिलं. त्याच्या गाईने मान पुढे केली, त्याने ती मागे ओढली. "गवत चांगलं आहे, भाऊ," तो हळूच म्हणाला. "पण मला वाटेत विचारतील, कुणाकडून ऐकलंस. मी काय सांगू?"

ते दक्षिणेला गेले. दक्षिणेला काही नव्हतं. कडाफो त्यांची धूळ खाली बसेपर्यंत तिथेच बसून होता.

आता मी मोमिनाच्या घरात कामटीला टांगलेला असतो. असिया शेळ्या शोधायला टॉर्चपुरता नेते. अंग अजून शाबूत आहे, ऊन अजून पोटात जातं. दुकानदाराने सांगितलं होतं त्यातलं बरंचसं खरं ठरलं. ज्यासाठी उंट गेला तेवढं मात्र ठरलं नाही. तुम्ही कधी माझ्यासारख्याला घ्यायला गेलात तर जरूर घ्या. उजेडाला घ्या, लांबच्या लेकीच्या आवाजाला घ्या. पण तिकडून चालत आलेला माणूस वाटेत खाली बसला, तर मला झाका आणि त्याच्यासमोर बसा. एवढंच मागणं आहे. माझ्या भावंडांनाही हे कुणी सांगितलेलं नसेल.

संध्याकाळी कडाफो गुरं घेऊन येतो. मोमिना त्याच्या पुढ्यात दुधाचं भांडं ठेवते, त्याचा हात हातात घेते आणि विचारते, "काय पाहिलंस? काय ऐकलंस?" तो सगळं सांगतो. कुठल्या झाडाला पालवी आली, कुठे पाण्याला वास येतोय. पाहिलेलं वेगळं, ऐकलेलं वेगळं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. ती मान हलवत शेवटपर्यंत ऐकून घेते.

सकाळी पाण्यावर बाया तिलाही तेच विचारतात, काय पाहिलंस, काय ऐकलंस. ती म्हणते, "काही नाही."