सहापैकी चार आकडे

मारिटाच्या अंगठ्याने चार आकडे दाबले होते आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता.

इमारतीच्या तळघरातल्या सामाईक धुलाईखोलीत ती बाकावर बसली होती. बुधवारी सकाळी दहा ते बारा ही तिची वेळ. भिंतीवरच्या तक्त्याला आपलं छोटं कुलूप अडकवून तिने ती राखून ठेवली होती. समोर गोल काचेआड कपडे गरगरत होते. तेवढ्यात यंत्र खट्‌कन थांबलं. ती दचकली आणि तिची नजर हातातल्या फोनवर गेली.

पडद्यावर रंगीत फळं चमकत होती. त्याखाली तिच्या वडलांचं नाव होतं, सिक्स्टन. आणि त्याखाली सहा गोळे, त्यांतले चार भरलेले. आणखी दोन दाबले असते तर दार उघडलं असतं.

तिने फोन धुवायच्या कपड्यांच्या ढिगात खुपसला. मी थांबले नाही, तिच्या मनात आलं. यंत्र थांबलं म्हणून मी थांबले. पुढच्या बुधवारी ते नाही थांबलं तर?

स्वतःसाठी तिने पाच महिन्यांपूर्वीच दार लावून घेतलं होतं. सरकारी यादीत आपण होऊन नाव घातलं की देशातली परवाना असलेली जुगाराची एकही साइट आत घेत नाही. ते केलं त्या दिवशी तिला गाढ झोप लागली होती. पण गेल्या महिन्यात बाबांची नजर फारच अधू झाली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला अजून अवकाश होता. त्यांच्या बोल्नेस गावातली सगळी मुलं आपल्या म्हाताऱ्यांसाठी करतात तेच तिने केलं: बँकेची, दवाखान्याची कामं उरकायला बाबांची डिजिटल ओळख, सहा आकडे दाबले की त्यांच्या नावाने कुठेही आत जाता येतं अशी, आपल्या फोनवर घेतली. खरं तर ती कोणाला द्यायची नसते. पण देतात सगळेच. "आकडे सोपे आहेत," बाबा म्हणाले होते, "तुझ्या आईचा वाढदिवस."

तेव्हापासून तिच्या खिशात एक उघडं दार फिरत होतं.

ढिगातला फोन खिशात टाकून, कपडे तसेच ओले ठेवून ती निघाली. रस्त्यावर बर्फ वितळत होता आणि हिवाळाभर पसरलेली खडी बुटांखाली करकरत होती. बाबांचं घर दहा मिनिटांवर. दर पावलाला वाटत होतं, परत फिरावं. कारण हे सांगायचं तर तेही सांगावं लागणार होतं. तळ्याकाठची लाकडी खोली, बाबांनी स्वतःच्या हातांनी बांधलेली, आई गेल्यावर मारिटाच्या नावावर केलेली. ती तिने गेल्या वर्षी विकली. छप्पर कुजलंय म्हणून विकली, असं तिने बाबांना सांगितलं होतं. खरं म्हणजे ती खोली धुलाईच्या चाळीस-चाळीस मिनिटांत, फोनवरच्या जुगारात गेली होती.

सिक्स्टन स्वयंपाकघरात भिंग घेऊन बसला होता. समोर शनिवारच्या शर्यतींचं पत्रक. हलक्या दोन चाकी गाड्यांना जुंपलेले घोडे, दुडक्या चालीने धावणारे. त्यांच्यावर चाळीस वर्षं तो आणि त्याचा मित्र एव्हर्ट दर शनिवारी एक स्वस्तातलं तिकीट लावत आले होते. त्यापलीकडे एक क्रोनाही नाही.

"ये गं. कॉफी गरम आहे," तो म्हणाला. "हा सात नंबरचा घोडा बघ. एव्हर्ट म्हणतो लंगडा आहे. मी म्हटलं, तुझ्यापेक्षा बरा चालतो."

"बाबा, मला भीती वाटतेय."

त्याने भिंग खाली ठेवलं.

तिने उभ्या उभ्याच सांगितलं. चार आकडे. धुलाईखोली. मग तळ्याकाठची खोली. सांगताना ती खिडकीकडे बघत होती. बाबांकडे बघायचा धीर होत नव्हता.

"आणि ते छप्पर..." ती म्हणाली.

"छप्पर चांगलं होतं," सिक्स्टन म्हणाला. "त्याच्या आदल्याच उन्हाळ्यात मी त्यावर नवे पत्रे ठोकले होते गं."

मारिटा खिडकीकडून गर्रकन वळली. "तुला माहीत होतं? मग तुझी ओळख माझ्या हातात कशाला दिलीस?"

"वाटलं, विश्वास टाकला की माणूस सावरतं." त्याने डोळे चोळले. "चूक माझी. शाळेत एकोणचाळीस वर्षं सुतारकाम शिकवलं. हे बघ, मोज." त्याने दोन्ही हात टेबलावर पसरले. "दहाच्या दहा आहेत. का? हुशार होतो म्हणून नाही. रोज सकाळी त्या करवतीला घाबरायचो म्हणून. ज्या मास्तरची भीती गेली त्याचं बोट गेलं. पोरं विचारायची, करवतीवरचं झाकण मूर्खांसाठी असतं का? मी म्हणायचो, नाही रे बाळांनो, दमलेल्यांसाठी. आणि मी तुला बिनझाकणाची करवत दिली."

"आता काय करायचं?"

"झाकण लावायचं. माझं नावही घाल त्या यादीत."

"पण बाबा, मग शनिवारचे घोडेही बंद! ती बंदी सगळ्यालाच लागू होते."

"घोड्यांना कोण सांगणार आहे? पळतील ते." त्याने पत्रकाची घडी घातली. "आण तो फोन."

"मी नाही दाबणार. तेच सहा आकडे आहेत. तिथून..." तिने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"तू नकोच दाबू. वाचून दाखव फक्त."

तो भिंग धरून वाकला. जाड बोट हळूहळू खाली आलं. चुकलं. पुन्हा सुरुवात. पुन्हा चुकलं.

"बाबा, तिसऱ्यांदा चुकलं तर बंद पडेल."

"गप्प बस, मास्तर काम करतोय."

मारिटाने श्वास रोखला. पाच. सहा. पडदा उघडला. बंदी किती काळ हवी, असं विचारत होता. तिने पर्याय वाचले: एक महिना, तीन, सहा, बेमुदत.

"शेवटचा," सिक्स्टन म्हणाला आणि दाबला. मग विचारलं, "आणखी एखादं दार आहे का? खरं सांग."

"आहे. परदेशातल्या साइट्स. त्या ही यादी मानत नाहीत."

"मग करवतीचा प्लगही काढू. माझी ओळख इथून पुसून टाक. बिलं कागदावर मागवू आणि रविवारी तू मला ती वाचून दाखव. आणि बुधवारी फोन माझ्याकडे ठेवून मग धुवायला जायचं. आजपासून."

"एव्हर्टला काय सांगशील?"

"सांगेन, माझी मास्तरीण फार कडक आहे."

ती परतली तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. तिचे ओले कपडे टेबलावर काढून ठेवलेले होते आणि त्यांवर शेजारच्या बाईंची चिठ्ठी होती: बारा म्हणजे बारा! तक्त्यावर दोनची वेळ रिकामी होती. मारिटाने तिथे आपलं कुलूप अडकवलं, दोन वाजता कपडे पुन्हा यंत्रात घातले आणि बाकावर बसली. ड्रम फिरू लागला. तिचा अंगठा रिकाम्या खिशात हलला, एकदा, दोनदा. तिने तो मुठीत घट्ट धरला आणि चाळीस मिनिटं तशीच बसून राहिली.