नकाशातली सरळ रेघ

पाच वाजता सर सगळ्या शास्त्रज्ञांपुढे नकाशा मांडणार होते आणि सव्वातीनला चिंगीच्या लक्षात आलं, त्यातली रेघ फारच सरळ आहे.

चिंगी हे तिचं घरचं नाव. सरांच्या वेधशाळेत ती संशोधन करायची, तिथे ते पसरलं दादामुळे. तिचा थोरला भाऊ तिथेच फिटर होता.

आकाशगंगेतून येणाऱ्या रेडिओ लहरी एका ठरावीक दिशेत डोलतात. वाटेत चुंबकीय क्षेत्र लागलं की त्यांना पीळ बसतो. पीळ उजवा की डावा, यावरून क्षेत्राचं तोंड आपल्याकडे आहे की पलीकडे, ते कळतं. सहा वर्षं हेच मोजून नकाशा झाला होता. अर्धा निळा, अर्धा लाल, मध्ये रेघ. तिथे क्षेत्र उलटतं, हाच सरांचा मोठा शोध.

पण निसर्ग फुटपट्टी घेऊन कशाला बसेल? तिने तारखा काढल्या. निळा भाग दुर्बिणीतला लहरी टिपणारा रिसीव्हर दुरुस्त होण्याआधीचा, लाल नंतरचा. रिसीव्हरला दोन वायरी असतात, एक उभ्या लहरींची, एक आडव्या लहरींची. त्यांची अदलाबदल झाली तर पीळ उलटाच दिसणार. आणि दुरुस्ती दादाने केली होती.

ती धावत वर्कशॉपमध्ये गेली.

"दादा, खरं सांग. वायरी उलट्या लावल्यास का?"

हात पुसता पुसता तो थांबला. "वीस वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं मला."

"चिडू नकोस रे. वेळ नाहीये."

तो उठला. दुर्बिणीची तबकडी कलती करायला लावली, कमरेला पट्टा बांधला आणि शिडी चढला. वारा सुटला होता. चिंगी खाली जीव मुठीत धरून उभी.

"बरोबर आहेत!" तो वरून ओरडला. "दुरुस्तीला चढलो तेव्हा उलट्या होत्या. मीच सरळ केल्या. दुरुस्तीच्या वहीत लिहिलंय!"

"आधी कुणी लावल्या होत्या?"

"सरांनी! स्वतःच्या हाताने!"

म्हणजे चूक दुरुस्तीआधीच्या, निळ्या भागात होती. एका दूरच्या दीर्घिकेच्या लहरींचा पीळ साऱ्या जगाला ठाऊक आहे. त्या दीर्घिकेची दुरुस्तीआधीची नोंद चिंगीने काढली, तर तीही उलटी.

साडेचारला तिने सरांसमोर उभं राहून सगळं सांगितलं.

"फिटरच्या वहीवरून माझा नकाशा खोटा ठरवतेस?"

"वहीवरून नाही, सर. हे बघा."

सरांनी नोंद पाहिली. पुन्हा पाहिली. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

पाच वाजता ते भरल्या सभागृहात उभे राहिले. "नकाशा आज दाखवणार नाही. वायरी मी उलट्या लावल्या होत्या. माझ्या फिटरने त्या सरळ केल्या, आणि आम्ही कुणी त्याची वही उघडली नाही."

कुणीतरी खाकरलं. टाळ्या वाजल्या नाहीत.

दुरुस्त नकाशा महिन्याने तयार झाला. या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल. शोध गेला.

दादा मात्र त्या सभेनंतर दोन दिवस तिच्याशी बोलला नव्हता. तिसऱ्या दिवशी ती माफी मागायला गेली होती.

"विचारलंस ते चुकलं नाही," तो म्हणाला. "पण माझ्याकडे यायच्या आधी वही तरी वाचायचीस."

तिने फळीवरची वही काढली आणि पहिल्या पानापासून वाचायला बसली.