शेवंताबाईंचे ताट

मित्रांनो, मला पाठ टेकून बसणारे पुष्कळ भेटले, पण समोर उभे राहून "बाई, तुझे कसे चालले आहे?" असे आजवर कोणी विचारले नाही. म्हणून शेवटी मीच तोंड उघडते. मी भिंत आहे. जुईनगरच्या एका सेक्टरमधला रस्ता जिथे संपतो, तिथे मी आडवी उभी आहे. माझ्या एका अंगाला सोसायटीच्या इमारती आहेत आणि दुसऱ्या अंगाला खाडीकाठचे जुने गाव. सध्या माझ्या पोटावर लाल रंगाच्या दोन उभ्या रेघा आहेत आणि त्यांच्यामध्ये आगीचा बंब जाईल एवढी जागा सोडलेली आहे. त्या रेघा कशा आल्या ते तुम्हाला सांगायचे आहे. सांगताना माझी मान खाली जायला हवी, पण भिंतीला मान खाली घालता येत नाही. तीच तर अडचण आहे.

मी नव्हते तेव्हा इथे भातखाचरे होती आणि त्यांच्या बांधावरून गावातली माणसे खाडीवर ये-जा करीत. मग नवे शहर आखले गेले. सेक्टर आले, रस्ते आले, आणि नकाशावर हा रस्ता जिथे थांबला तिथे मला बांधायचे ठरले. जोतीराम नावाच्या गवंड्याने मला उभे केले. ओळंबा लावून तो एकेक वीट डोळ्याने पारखायचा आणि वाकडी लागली की स्वतःलाच शिव्या घालायचा. काम संपले त्या दिवशी त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "आता दोन पिढ्या हालायची न्हाईस बघ." मला केवढा अभिमान वाटला होता. आज त्याच शब्दांनी अंगावर काटा येतो.

सोसायटीत माणसे राहायला आली आणि माझे कौतुक सुरू झाले. माझ्यामुळे रस्ता पुढे जात नव्हता, म्हणून गाड्यांची वर्दळ नव्हती. मुले माझ्यावर खडूने यष्ट्या काढून क्रिकेट खेळायची. सोसायटीचे सेक्रेटरी जयप्रकाश पाहुण्यांना मुद्दाम माझ्यापर्यंत चालत आणायचे. ते साताऱ्याकडचे, बेलापूरच्या एका कचेरीतून निवृत्त झालेले. "डेड एंड आहे, त्यामुळे एकदम शांत," असे ते सांगायचे. पुढे कोणीतरी चोरांची भीती घातली, तेव्हा त्यांनीच माझ्या माथ्यावर सिमेंटमध्ये काचा रोवून घेतल्या. उन्हात त्या चमकायच्या. मला वाटले, आपल्याला मुकुट चढवला.

दोन्ही अंगांना माझ्याबद्दल एकच शब्द होता आणि तो माझ्याबद्दल नव्हताच. सोसायटीवाले गावाला म्हणत 'पलीकडचे'. गाववाले सोसायटीला म्हणत 'पलीकडचे'. मी मधे उभी, त्यामुळे दोघेही माझ्या पलीकडचेच झाले.

तरी माझ्यात एक भोक होते. पाण्याची लाइन टाकायची म्हणून प्लंबरने काही विटा काढल्या. लाइन काही आली नाही आणि विटाही परत बसल्या नाहीत. त्या भोकाच्या पलीकडे शेवंताबाईंचे अंगण होते. शेवंताबाई मासे विकणाऱ्या, आवाजाने खणखणीत. अलीकडे तळमजल्यावर जयप्रकाशांच्या पत्नी स्मिता राहत. स्मिताताई मालवणच्या, मासा दिसला नाही तर त्यांचे जेवण पुढे सरकायचे नाही. एके सकाळी भोकातून हाक आली, "बाय, मांदेली हाय ताजी. घेतंस?" तेव्हापासून माझ्या भोकातून एक ताट जायला-यायला लागले. स्टीलचे, काठाला चेप आलेले, मधोमध 'शेवंता' असे नाव कोरलेले.

ताट येताना मासळी घेऊन यायचे. जाताना रिकामे कधी गेले नाही. रिकामे भांडे परत करायचे नाही, हा स्मिताताईंच्या माहेरचा नियम. कधी घावने, कधी करंज्या, घरात काहीच नसले तर चिमूटभर साखर. पहिल्यांदा नाक मुरडणारे जयप्रकाश हळूहळू कोलंबीचे भोक्ते झाले आणि "आज पलीकडून काय आलं?" असे विचारू लागले. त्या भोकाला सोसायटीत 'खिडकी' म्हणत. गावात मात्र ते भोकच राहिले.

मग गावात एका घराला शॉर्टसर्किटने आग लागली. गावाची एकच गल्ली मोठ्या रस्त्याला जाते आणि तिच्यातून दोन माणसे अंग चोरून जातात. बंब गल्लीच्या तोंडाशीच अडकला. गावकऱ्यांनी बादल्यांनी आग विझवली आणि सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. त्यानंतर नगरनियोजन खात्याच्या गीतांजली मॅडम पाहणीला आल्या. त्यांनी नकाशा उघडला, टेप लावली, आणि टेपचे टोक येऊन माझ्यावर टेकले. गावात बंब न्यायचा तर मला फोडून सेक्टरचा रस्ता पुढे जोडण्यावाचून मार्ग नव्हता.

त्यासाठी बैठक झाली ती माझ्यासमोरच. खुर्च्या सोसायटीच्या बाजूला मांडल्या. गावकऱ्यांनाही बोलावणे होते, पण वळसा घालून यायला कोणाला वेळ होता? ती माणसे पलीकडे मासळीचे क्रेट उपडे घालून त्यांवर चढली. त्यामुळे अर्धी सभा खुर्चीत बसली होती आणि उरलेल्या अर्ध्या सभेची नुसती डोकी माझ्या काचांच्या वरून दिसत होती.

जयप्रकाश उभे राहिले. "मॅडम, माणुसकी आम्हालाही कळते. पण आज रस्ता उघडलात, उद्या टेम्पो येतील, परवा रिक्षा स्टँड होईल. पोरांनी खेळायचं कुठे? आणि तसे आमचे संबंध चांगलेच आहेत. खिडकी आहे ना."

शेवंताबाईंचा मुलगा जयदेव पलीकडून बोलला. तो रबाळ्याच्या कारखान्यात कामाला होता. "काका, बंब काय भोकातना येईल काय? गाडीला वाट द्या, बाकी काय नको आमाला."

पण त्याच्याच शेजारचे एक म्हातारे डोके कुरकुरले, "आन यांच्या गाड्या आमचे अंगनान लावतील त्याचा काय?"

गीतांजली मॅडमनी दोघांचेही ऐकून मधला मार्ग काढला. रस्ता करू, पण त्यावर लोखंडी फाटक बसवू. एरवी कुलूप, अडीअडचणीला उघडायचे. हे सगळ्यांना पटले. टाळ्यासुद्धा वाजल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतून कोणीतरी विचारले, "पण किल्ली कोणाकडे राहणार?"

मित्रांनो, तिथे जे घोडे अडले ते अडलेच. सोसायटी म्हणाली, किल्ली ऑफिसात राहील. गाव म्हणाले, आग आमच्याकडे आणि किल्ली तुमच्याकडे, हे कसे? मग दोन किल्ल्यांचा विचार निघाला. मग दोन कुलपांचा. कोणी म्हणाले, किल्ली काचेच्या पेटीत ठेवा, वेळ आली की काच फोडायची. त्यावर काच कोणी फोडायची, यावरून आवाज चढले. पुढच्या बैठकीत यासाठी वेगळी समिती नेमली आणि तिचे नाव किल्ली समिती पडले. फाटकाचा अजून पत्ता नव्हता. मी जागची हलले नव्हते, आणि माझ्यासमोर माणसे न झालेल्या फाटकाच्या न घडवलेल्या किल्लीवरून एकमेकांशी बोलायची बंद झाली होती. मला तेव्हा हसू आले होते. आता त्या हसण्याची लाज वाटते.

अशात एके दिवशी सकाळी भोकातून कोलंबीचे ताट आले. "सांजला दे ताट, घाई नाय," असे म्हणून शेवंताबाई गेल्या. गावात कोणाच्या तरी घरी हळद होती आणि गल्लीभर मांडव घातला होता. दुपारी शेवंताबाई अंगणात मासळी निवडत असताना कोसळल्या. तोंड वाकडे झाले, उजवा हात लुळा पडला. जयदेव घरीच होता. त्याने ॲम्ब्युलन्सला फोन केला आणि मांडवामुळे आईला गल्लीतून उचलून नेणे होणार नाही हे लक्षात येताच तो म्हणाला, "सेक्टरच्या भिंतीपाशी या." ॲम्ब्युलन्स आली. माझ्या अलीकडे ती उभी राहिली, आणि माझ्या पलीकडे शेवंताबाई. मधे मी.

जयदेव क्रेटवर चढला. "काकी, शिडी हाय काय? आयेला भिंतीवरना न्यायची हाय." स्मिताताई ओरडत घरात धावल्या. जयप्रकाशांनी सोसायटीची शिडी आणली आणि माझ्याशी टेकवून घट्ट धरली. माझ्या काचांवर गादी टाकली. पलीकडच्या चौघांनी शेवंताबाईंना चादरीत घालून वर उचलले. गादी सरकली. ज्या काचांना मी मुकुट समजत होते, त्यांतल्या एकीने शेवंताबाईंचा हात मनगटापासून कोपरापर्यंत कापला. हात लुळाच होता, तो त्यांना मागे घेता आला नाही. लुगडे गुडघ्यांच्या वर गेले होते. बाल्कन्यांत माणसे उभी होती आणि काहींच्या हातांत मोबाइल होते. शेवंताबाईंची जीभ वळत नव्हती, तरी त्या एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "कापर... कापर..." कपडा मागत होत्या त्या. स्मिताताईंना तो कळला. त्यांनी ओढणी काढून शेवंताबाईंच्या पायांवर टाकली आणि हातांनी दाबून धरली.

इतकी वर्षे माझ्यातून ताट सहज जात होते. माणूस मात्र असा गेला. मी काही केले नाही, भिंतीला काही करता येत नाही. पण काही न करण्याचीही लाज वाटते, हे मला त्या दिवशी कळले.

शेवंताबाई वाचल्या. उशीर झाल्यामुळे उजव्या हातात काही जीव परत आला नाही आणि बोलणे सावकाश झाले. माझ्या भोकाशी मात्र त्या फिरकल्या नाहीत. अलीकडून स्मिताताईही नाहीत. ताट त्यांच्याकडेच राहिले होते. रिकामे परत करायचे नाही, पण भरायचे तरी काय? एकदा त्यांनी शिरा केला, ताटात घातला आणि परत कढईत ओतला. मला त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसते, म्हणून ठाऊक. जयप्रकाश समोर बसून बघत होते.

पुढच्या बैठकीला पुन्हा खुर्च्या आल्या, पुन्हा पलीकडे क्रेट लागले. गीतांजली मॅडमनी विचारले, "किल्लीचं काही ठरलं का?" मग जयप्रकाश उठले.

"मॅडम, फाटक नको आम्हाला."

जयदेवचा चेहरा काळवंडला. "काका, आजून बी?"

"ऐकून तर घे," जयप्रकाश म्हणाले. ते त्याच्याकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. "फाटक आलं की कुलूप आलं. कुलूप आलं की किल्ली. मग आपण पुन्हा तिथेच. मोकळा रस्ता ठेवा. खांब नको, साखळी नको. त्या दिवशी शिडी मी धरली होती. मला परत नाही धरायची ती."

एवढे बोलून ते खाली बसले आणि बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही. मॅडमनी त्याच दिवशी माझ्यावर लाल रेघा मारून घेतल्या. पण सोसायटीतल्या काहींची अजून हरकत आहे. गावातल्या त्या म्हाताऱ्याचीही आहे. कागद कचेरीत फिरत आहेत, आणि मी उभीच आहे.

परवा संध्याकाळी स्मिताताई भोकाशी आल्या. ताटात तांदळाची बोरे होती. पलीकडे अंगणात शेवंताबाई खुर्चीवर बसल्या होत्या. "मावशी," स्मिताताईंनी हाक मारली, "यायला तोंडच नव्हतं मला. लाज वाटत होती."

शेवंताबाई शब्द जुळवत म्हणाल्या, "लाज... मनाच वाटते बाय. सगल्यांनी मना तशी... बगितली." स्मिताताईंनी ताट भोकातून पुढे केले. शेवंताबाई कशाबशा उठल्या, माझ्या अंगाला धरत आल्या आणि डाव्या हाताने त्यांनी ते ताट हळूच मागे सारले.

"भोकातना नको आता. वाट होईल तवा ये. चालत, दारान ये." ताटाकडे बघत त्या म्हणाल्या, "रिकामा आनलास... तरी चालंल."

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला आपली कहाणी सांगतात आणि शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, टाकून देऊ नका. माझे मागणे उलटे आहे. मला जपू नका. माझी डागडुजी करू नका, रंग देऊ नका, काचा बदलू नका. तुमच्या घरातले मोठे हरकतीच्या कागदावर सही करत असतील तर त्यांना एकदा माझ्यासमोर आणून उभे करा आणि माझ्या माथ्यावरचा शेवंताबाईंच्या रक्ताचा डाग दाखवा. पावसाने तो अजून गेलेला नाही. जोतीराम मिस्त्री कुठे असेल तिथून त्याने मला माफ करावे, पण मला आता हलायचे आहे. पाडायला याल तेव्हा त्या भोकापासून सुरुवात करा, तिथे मी आधीच कच्ची आहे. जरा लवकर या. शेवंताबाई रोज संध्याकाळी दाराकडे तोंड करून बसतात, आणि त्यांचे ताट स्मिताताईंच्या ओट्यावर घासूनपुसून उपडे घातलेले आहे.