काकीनं सांगितलेला पिक्चर

काकी पोटरीवर कापसाची वात वळायची तेव्हा इतका बारीक, रेशमासारखा आवाज व्हायचा की कूलरच्या घरघरीतूनही मला तो ऐकू यायचा. परतूरची वैशाखातली दुपार, खिडकीला ओलं गोणपाट, अन् टीव्हीच्या निळ्या उजेडात काकीचा चेहरा जवसाच्या फुलासारखा, आत्ताच उमललाय असा.

सीडी इंग्रजी होती. इच्छा पुऱ्या करणारा जादूचा ढग अन् एक पोरगी, एवढंच कार्टून. पण गल्लीतली सगळी पोरं टीव्हीकडं कमी अन् काकीकडंच जास्त बघायची, कारण तोंड उघडायची तिकडं ती पोरगी अन् बोलायची इकडं काकी. "ढगमामा, मला राजवाडा नको, मला हायस्कुलात जाऊ दे!" ढग गडगडला की काकीच जाड आवाज काढायची, "थांब, तुझ्या बापाला विचारून सांगतो!" आम्ही हसून हसून लोळायचो.

मंग मी इंग्रजी शाळेत गेले अन् दोनच वर्षांत लय शहाणी झाले. एका दुपारी सगळ्यांसमोर सीडी थांबवली. "काकी, काहीही सांगून राह्यली तू! ती पंख मागून राह्यली. तुला इंग्रजी कळतं का तरी?"

पोरं हसली. काकीही हसली. "न्हाई बाई. बरं, तूच सांग."

मी सांगितलं, बिलकुल बराबर, शब्दाला शब्द. अर्ध्यातच पोरं उठून गेली. त्यानंतर काकीनं कधी सांगितलंच न्हाई.

परवा मोबाईलवर तोच पिक्चर सापडला, मी येडी खुशीत बघायला बसले! अख्ख्या पिक्चरमध्ये शाळा न्हाई, बाप न्हाई, पंखच पंख. काकीचं लग्न सातवीनंतर लावलं, हे मला कायमच माहीत होतं. फक्त ते अन् हे मी कधी जोडलंच न्हाई. एकटी होते तरी कान तापले माझे.

रविवारी परतूरला गेले, मोबाईल दोघींच्या मधे ठेवला. "काकी, सांग ना. तुझ्यासारखाच सांग."

तिनं पदरानं काच पुसली, जरा वेळ बघितलं; ओठ हलल्यासारखे वाटले. मंग म्हणाली, "आता हिंदीत येतंय की गं सगळं. चहा ठेवू?" अन् उठलीच. माझी माफी तोंडातच राहिली.

गेलेली माणसं निदान आठवणीत तरी बोलत राहतात. पण जिवंत माणसाचा एखादा आवाज आपण बंद केला, तर काळ पुढं निघून जातो अन् आपण त्याच माणसाच्या शेजारी बसून त्या आवाजाची वाट बघत राहतो.