अक्कांच्या साठ ओळी

"डबा भरून कशाला आणलास गं?" कृष्णवेणीअक्कांनी दारातच विद्युलताच्या हातून स्टीलचा डबा घेतला आणि झाकण उघडून पाहिलं. "चिवडा! मी सांबारं विकत दिलं होतं का?"

"रिकामा डबा परत कसा करायचा, अक्का?"

"सरि, सरि, ठीक. बस."

डबा हे नुसतं निमित्त होतं. विद्युलता चेन्नईतल्या वेस्ट मांबलमला आली होती ती सहीसाठी. अमरावतीहून येऊन मैलापूरच्या कॉलेजात ग्रंथालय लिपिक झालेल्या या बाईने चौदा वर्षांपूर्वी पुस्तकांच्या नोंदीचा एक प्रोग्राम लिहिला, त्याला 'फडताळ' असं घरगुती नाव दिलं आणि सगळा कोड लोकांसाठी खुला केला. कुणीही घ्या, वापरा, बदला. लायसन्सची अट एकच: बदल करून पुढे दिलंत, तर तो बदलही असाच खुला ठेवा. आज आठशे शाळांची पुस्तकं त्या फडताळात होती.

आता वेलचेरीची एक कंपनी ते सांभाळायला पाच पगारी माणसं द्यायला तयार होती. पण अट काढा म्हणत होती, म्हणजे त्यांचे बदल त्यांना कुलपात ठेवता येतील. त्यासाठी कोड लिहिणाऱ्या प्रत्येकाची संमती हवी. एक्केचाळिसांपैकी चाळिसांनी दिली होती. उरल्या होत्या अक्का.

अक्का रेल्वेच्या कॉम्प्युटर विभागातून निवृत्त झालेल्या, तंजावरी मराठी. विद्युलताने प्रोग्राम अस्सल वऱ्हाडी डोक्याने लिहिला होता: नावातला शेवटचा शब्द म्हणजे आडनाव! इथे आडनाव लावतो कोण? नावामागे वडिलांचं आद्याक्षर, बस्स. त्यामुळे 'कृष्णवेणी एस.' बाई थेट एसमध्ये जाऊन बसल्या आणि निम्मं चेन्नई भलत्याच कप्प्यात पडलं. अक्कांनी फोनवर तिची खरडपट्टी काढली आणि साठ ओळी लिहून सगळ्यांना आपापल्या जागी बसवलं. मैत्री तेव्हापासूनची.

अक्कांनी कागद दोनदा वाचला. "तुला हे पाहिजे का?"

"माझा काचबिंदू वाढतोय, अक्का. अक्षरं पुसट दिसतात. माझ्यामागे फडताळ बेवारशी पडेल, याचीच भीती वाटते."

"हे लोक अस्की, सगळंच घेऊन जाणार. परत काय देणार?"

"नव्या लायसन्समध्ये द्यायलाच पाहिजे असं नाही."

"मंजे डबा रिकामा."

अक्कांनी आणखी ताणलं नाही. कागद आणि डबा घेऊन त्या आत गेल्या. निघताना त्यांनी तिच्या हातात डब्याची पिशवी दिली. सहीचं विचारायचा तिला धीर झाला नाही.

मांबलम स्टेशनच्या बाकावर तिने पिशवी उघडली. गरम डब्याखाली कागद होता. सही केलेली होती आणि खाली दोनच शब्द: 'तू बघ.'

तेवढ्यात कंपनीच्या कौशिकचा फोन आला. "मॅडम, सही?"

"मिळाली."

"सुपर! नसती मिळाली तर त्या साठ ओळी आपण नव्याने लिहिल्या असत्या."

"कौशिक, लायसन्स बदलायचं नाही."

"मग आमची माणसं येणार नाहीत, मॅडम."

"त्यांना अडवलंय कुणी? कोड खुलाच आहे. फक्त डबा रिकामा परत करायचा नाही."

"कुठला डबा?"

तिला मोठ्याने हसू आलं. पाच माणसं हातची गेली होती, तरी फार दिवसांनी तिला मोकळं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने फडताळाच्या पानावर लिहिलं, 'मला आता नीट दिसत नाही. सांभाळायला माणसं हवीत.' ही गोष्ट तिने दोन वर्षं लपवली होती. लोक सोडून जातील, अशी तिची समजूत होती. महिन्याभरात शाळांची ग्रंथालयं सांभाळणाऱ्या तिघींनी होकार कळवला. या कामाचा पगार तिघींपैकी एकीलाही नव्हता.

चौदा वर्षं सांभाळणाऱ्यांच्या यादीत एकच नाव होतं. तिने त्याखाली तीन नावं लिहिली आणि यादी फडताळालाच वर्णानुक्रमे लावायला दिली. अलकनंदा, मधुवंती, मग 'वाणी के.'. वाणी 'के'मध्ये गेली नाही, अक्कांच्या ओळी चोख चालत होत्या. पण विद्युलताला स्वतःचं नाव कुठे दिसेना. तिने अक्षरं मोठी केली, डोळे पडद्याजवळ नेले.

विद्युलता सगळ्यात शेवटी होती. तिने पुन्हा एकदा तपासलं. जागा बरोबर होती.